नळावरचा टक्का

समजा, आपल्या मोरीतला नळ गळतो आहे. आपण प्लंबरला निरोप धाडता. पहिल्या दिवशी तो येत नाही. दुसऱ्या दिवशी येतो, सर्जनने रोग्याकडे बघावं तसा नळाकडे बघतो, मान हलवतो आणि जातो. तिसऱ्या दिवशी येऊन दहा मिनिटांत वायसर बदलतो आणि म्हणतो, "चारशे." आपण म्हणता, "दोनशे." तीनशेवर तह होतो. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून आहे. पण महिन्याभराने तोच गृहस्थ दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, नळ झकास चाललाय ना? मग ह्या महिन्यात किती बादल्या भरल्या तेवढं सांगा. बादलीमागे दहा पैसे आपले," तर आपण काय कराल?

मी काय करीन ते छापण्याजोगं नाही.

आता दुसरा गृहस्थ घ्या. विमा एजंट. हा एकदा आपल्या घरी येतो, आपलाच चहा पितो, आपल्याच मरणाचं रसभरित वर्णन आपल्याला ऐकवतो आणि सही घेऊन जातो. त्यानंतर आपण वर्षानुवर्षं हप्ते भरतो आणि हप्त्याहप्त्यातून त्याचा वाटा त्याच्याकडे जातो. तो दिवाळीला एक कॅलेंडर आणून देतो आणि वर आपणच त्याचे आभार मानतो! दोघंही पोटासाठीच राबणारे. मग एकाचा टक्का हा दरोडा आणि दुसऱ्याचा टक्का ही जगरहाटी, असं का? केलेल्या कामाचे पैसे एकदाच घ्यावेत की जन्मभर घेत राहावेत? फळाची अपेक्षा धरू नकोस असं गीतेत सांगितलं आहे खरं. पण ते फळ कुणीतरी विकलं आणि विकतच राहिला, तर त्या पैशांचं काय, याचा खुलासा तिथे नाही.

मला ह्या प्रश्नाची गोडी लावली ती शिकागोच्या एका माणसाने. तो रॉक संगीताच्या रेकॉर्डी तयार करीत असे. इथे पुष्कळ वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल याची मला कल्पना आहे. माझं स्वतःचं संगीत भीमसेन जोशींपाशी सुरू होतं आणि वसंतराव देशपांड्यांपाशी संपतं. रॉक म्हटलं की पत्र्याच्या छपरावरून कुणीतरी भांड्यांचं कपाट ढकलतो आहे असाच मला भास होतो. पण घरात सोळा वर्षांचे चिरंजीव आहेत आणि चिरंजीवांजवळ गिटार आहे. एका रविवारी दुपारी ते छप्पर आणि ते कपाट बंद करायला त्याच्या खोलीत गेलो, तर त्याने माझ्या हातात एक लेख ठेवला. म्हणाला, "बाबा, हे वाचा. तुम्हाला आवडेल. ह्यात आकडे आहेत."

पोरगं बापाला ओळखून आहे.

लेख होता स्टीव्ह अल्बिनी ह्या गृहस्थाचा. 'द बॅफलर' नावाच्या अमेरिकन नियतकालिकात 1993 साली आलेला. एका काल्पनिक बँडला मोठी रेकॉर्ड कंपनी अडीच लाख डॉलरचा करार देते. पोरं हरखून जातात. रेकॉर्ड निघते, अडीच लाख प्रती खपतात. आता ह्या पोरांना काय मिळालं? अल्बिनीने चक्क ताळेबंदच मांडला आहे. एवढा स्वच्छ ताळेबंद मी ऑडिटच्या आदल्या रात्रीसुद्धा पाहिलेला नाही. बँडची रॉयल्टी 3 लाख 51 हजार. त्यातून वजा, आगाऊ दिलेले अडीच लाख. वजा, प्रोड्यूसरच्या टक्क्याचे 40 हजार. वजा, जाहिरातबाजीचे 25 हजार. वजा, बँडला जुन्या कंपनीपासून सोडवून आणल्याचे 50 हजार. बाकी, उणे 14 हजार! अडीच लाख रेकॉर्डी खपवून पोरं कंपनीची देणेकरी. मी कॅलक्युलेटरवर बेरीज पडताळून पाहिली. जुळते.

पुढे कुणाच्या पदरात किती पडलं त्याची यादी आहे. कंपनीला 7 लाख 10 हजार. मॅनेजरला 51 हजार. वकिलाला 12 हजार. आणि वर्षभर घाम गाळून बँडमधल्या एकेकाला 4,031 डॉलर 25 सेंट. त्या 25 सेंटांपाशी मी या माणसाच्या प्रेमात पडलो. संताप आलेला असतानाही ज्याच्या हातून सेंट सुटत नाहीत, तो माणूस खरं तर आमच्या काउंटरवर हवा होता. किरकोळ दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहिली असती तर पोरांनी याच्या तिप्पट कमावले असते, असा त्याचा हिशेब.

त्या यादीत आणखी एक आकडा आहे. प्रोड्यूसर : 90 हजार. पन्नास आधी आणि टक्क्याचे चाळीस नंतर.

आता हा प्रोड्यूसर म्हणजे कोण? आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटला की पांढरी पँट घालून सेटवर येणारा, सिनेमाला पैसे पुरवणारा निर्माता डोळ्यांसमोर येतो. रेकॉर्डचा प्रोड्यूसर तो नव्हे. हा काचेपलीकडे बसतो. कुठला मायक्रोफोन कुठे ठेवायचा, कुठला टेक पसंत करायचा, कुठे व्हायोलिनं घालायची आणि कुठे गायकाला चहा पिऊन यायला सांगायचं, हे ठरवतो. थोडा संगीत संयोजक, थोडा रेकॉर्डिस्ट, थोडा मुकादम आणि थोडा लग्नघरातला मामा. बीटल्सच्या मागे काचेपलीकडे बसलेला जॉर्ज मार्टिन हा ह्या धंद्यातला भीष्माचार्य. 'येस्टरडे' ह्या गाण्याला चार तंतुवाद्यांची साथ द्यावी ही कल्पना त्याची.

ह्या मार्टिनची गोष्ट ऐकून मात्र माझं कारकुनी हृदय हेलावलं. तो इएमआय कंपनीत पगारी नोकर होता. 1963 साली ब्रिटनमध्ये 52 आठवड्यांपैकी 37 आठवडे त्याच्या हाताखालून गेलेल्या रेकॉर्डी पहिल्या नंबरावर होत्या. कंपनीत पैशांचा पूर आला. आणि त्या नाताळात मार्टिनला बोनस मिळाला नाही, कारण त्याचा पगार बोनसच्या मर्यादेबाहेर होता! अहो, ह्या दुःखाला भाषा नसते, देश नसतो. अखेर 1965 साली तो राजीनामा देऊन बाहेर पडला आणि आपला स्वतंत्र धंदा काढून टक्का घेऊ लागला. आपल्याकडे बोनसचा कायदा झाला तोही 1965 सालीच. योगायोग असेल, पण कुठल्याही युनियनच्या सभेत सांगण्यासारखा आहे.

तेव्हा प्रोड्यूसरने टक्का घेणं ही काही लबाडी नव्हे. त्याच्या कानाने, त्याच्या डोक्याने गाणं उभं राहतं. पुढे चालीने तो टक्का पक्का झाला; धंद्याच्या भाषेत त्याला 'पॉइंट' म्हणतात.

अल्बिनी हा टक्का घेत नसे. कधीच नाही. 1988 साली निघालेली पिक्सीज ह्या बँडची 'सर्फर रोझा' त्याने ध्वनिमुद्रित केली ती ठोक 1,500 डॉलरवर. ती रेकॉर्ड पुढे गाजली. पण तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, म्हणजे टक्का सोडणं हा परवडणाऱ्या माणसाचा शौक म्हणावा तर तसंही नाही. खरी परीक्षा झाली 1993 साली. 'निर्वाणा' नावाचा बँड त्या वेळी जगातला सर्वांत गाजलेला. (बँडचं नाव मोक्षाचं, रेकॉर्ड कंपनी कोट्यधीश. हे अमेरिकेत चालतं.) त्यांना पुढच्या रेकॉर्डसाठी अल्बिनी हवा होता. त्याने काम धरण्याआधी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. आता ते जगजाहीर आहे. त्याचा मथितार्थ असा : मला प्लंबरसारखे पैसे द्या. मी काम करीन, कामाचे जे काय होतात ते घेईन. कंपनीला वाटेल की मी एक-दीड टक्का मागणार. तीस लाख रेकॉर्डी खपल्या तर ते चार लाख डॉलर होतात. एवढे पैसे घेतले तर मला झोप लागायची नाही.

चार लाख डॉलर! 1993 च्या भावाने सव्वा कोटी रुपयांच्या घरात. सव्वा कोटी घेऊन मला झोप लागेल की नाही, हा प्रयोग करून पाहायला मी आजही तयार आहे.

रेकॉर्ड झाली. मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स ह्या गावी, फेब्रुवारीत, दोनेक आठवड्यांत. अल्बिनीने एक लाख डॉलर ठोक घेतले आणि तो शिकागोला निघून गेला. रेकॉर्डवर नाव घातलं तेही 'निर्मिती' म्हणून नव्हे, नुसतं 'ध्वनिमुद्रण' म्हणून. कंपनीला त्याचं काम खडबडीत वाटलं, वर्तमानपत्रांत वादावादी झाली, दोन गाण्यांचं मिश्रण दुसऱ्याकडून करून घेतलं गेलं. सप्टेंबर 1993 मध्ये 'इन युटेरो' बाहेर पडली आणि अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेली. एकट्या अमेरिकेत ती पुढे पन्नास लाखांवर पोचली. आणि अल्बिनीकडे? ह्या भांडखोर माणसाला काम देऊ नये असं मोठ्या कंपन्यांनी मनावर घेतलं, आणि वर्षभर त्याची ओढाताण झाली.

हे सगळं मी रात्री जेवताना सौ.ला सांगितलं. तिने भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता एकच विचारलं, "चार लाख सोडताना घरात विचारलं होतं का त्याने कुणाला?"

हा प्रश्न एकाही अमेरिकन समीक्षकाला सुचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत आमच्या हेड कॅशियरना सांगितलं. हे पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे, त्यामुळे हल्ली कुठल्याही विषयावरून पेन्शनवर येतात. म्हणाले, "कामाचे पैसे एकदाच घ्यायचे म्हणतोस? मग माझी पेन्शन काय आहे रे? 2026 सालापर्यंत मोजलेल्या नोटांचे पैसे मी 2046 सालापर्यंत खाणार. रॉयल्टीच की ती! सोडू?"

"छे, छे! तुम्ही कशाला सोडताय?" मी म्हटलं. "पेन्शन म्हणजे लांबणीवर टाकलेला पगार. सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगितलंय, ती मेहेरबानी नव्हे म्हणून."

"मग प्लंबरनेही लांबणीवर टाकला समज!" असं म्हणून त्यांनी डबा बंद केला.

ह्या माणसाने आयुष्यभर नुसत्या नोटा मोजल्या ही देशाची हानी आहे. मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं, ते कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. द्विनोंदी पद्धत! प्रत्येक नावेला कुठेतरी एक जमा असतेच. आपल्याकडे त्यागाची कीर्तनं पुष्कळ झाली, पण ती सगळी एकनोंदी. अमक्याने राज्य सोडलं, तमक्याने धन सोडलं, ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सोडलेले पैसे हवेत विरत नाहीत हो! ते कुणाच्या तरी खात्यात जमा होतात. कुणाच्या, ते कीर्तनकार सांगत नाही.

ही गोष्ट लक्षात आल्यावर मला एकदम आपल्या मुंबईतलंच एक जुनं भांडण निराळं दिसायला लागलं. 1960 च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, आणि मोहम्मद रफी म्हणाले, गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. लहानपणापासून मी ऐकत आलो की रफीसाहेब निर्मोही, साधे, देवमाणूस. आणि लताबाई म्हणजे पैशाला चोख. रफीसाहेब देवमाणूस होतेच, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. त्यांचं म्हणणंही शब्दाशब्दाने अल्बिनीचंच, प्लंबरचं. पण जमेची बाजू उघडून बघा. अल्बिनीने सोडलेला टक्का रेकॉर्ड कंपनीकडे गेला नाही. त्या धंद्यात प्रोड्यूसरचा टक्का बँडच्या ताटातून निघतो. मघाच्या ताळेबंदात ते 40 हजार पोरांच्याच रॉयल्टीतून वजा झाले होते, आठवा. त्याने टक्का सोडला तो गाणी लिहिणाऱ्या आणि वाजवणाऱ्या तिघांसाठी. त्यांतला एक, कर्ट कोबेन, एप्रिल 1994 मध्ये गेला. मागे दोन वर्षांचीही नसलेली मुलगी होती. रफीसाहेबांनी सोडलेला वाटा मात्र निर्मात्याच्या नि कंपनीच्या ताटात राहिला. तिथे आधीच श्रीखंड होतं. आणि मागे व्हायोलिनं, ट्रम्पेटं वाजवणारी ती सगळी गोव्याकडची मंडळी, ज्यांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत, त्यांना सेशनचे पैसे सोडून काय मिळालं? त्यांच्याजवळ सोडण्यासारखा टक्काच नव्हता, त्यामुळे त्यांना कुणी निर्मोही म्हटलं नाही. आपल्या कायद्यात पुढे 2012 साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. लताबाईंनी पैशाची गोष्ट काढली तेव्हा ती अशोभनीय वाटली असेल. पण प्रश्न त्यांनी बरोबर खिडकीवर विचारला होता.

मार्टिनचंही तेच. तो मुकाट्याने बोनसाविना बसला असता तर ते पैसे बीटल्सना मिळाले नसते. भागधारकांना मिळाले असते. त्याने राजीनामा दिला ते उत्तम केलं. म्हणजे एकाने टक्का मागितला तो योग्य, दुसऱ्याने नाकारला तोही योग्य! हे मी हेड कॅशियरना सांगितलं. ते म्हणाले, "आणि माझी पेन्शन?" म्हटलं, "ती कुणाच्या ताटातून येत नाही, तुमच्याच." तेव्हापासून त्यांना अल्बिनीबद्दल आदर वाटू लागला आहे.

अल्बिनी संत होता असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. भयंकर फाटक्या तोंडाचा माणूस. मोंटानात वाढला, पत्रकारितेचं शिक्षण घेतलं, आणि तरुणपणी स्वतःच्या बँडमधून अशी गाणी केली की लोकांनी कानांवर हात ठेवावेत. त्याच्या एका बँडचं नाव तर घरात सगळ्यांनी वाचायच्या पुस्तकात छापता येणार नाही. 2021 साली त्याने जाहीरपणे सांगितलं की त्यातलं पुष्कळसं अडाणीपणाचं होतं आणि त्याची जबाबदारी आपली आहे. साठीच्या उंबरठ्यावर असं बोलणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत.

1997 साली त्याने शिकागोत 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' नावाचा स्वतःचा स्टुडिओ बांधला, न्यू मेक्सिकोहून मातीच्या विटा आणून. तिथे तो बॉयलर सूट घालून काम करी, अगदी गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखा. मोठ्या कंपनीच्या पैशावर येणाऱ्याकडून जास्त घ्यायचे, पदरमोड करून आलेल्या पोरांकडून कमी, अशी त्याची वर्षानुवर्षांची रीत. फोन करील त्याचं काम तो घेई. हजाराच्या वर रेकॉर्डी त्याच्या हातून गेल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावं त्या बँडच्या आईबापांनाही ठाऊक नसतील. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट ह्या बड्या धेंडांची 1998 ची रेकॉर्डही त्यानेच केली. त्यांच्या मागून रांगेत उभी होती ती मिसरूड न फुटलेली पोरंच.

पैसे मात्र त्याला लागतच. स्टुडिओ म्हणजे पांढरा हत्ती. मग हा माणूस काय करी? पोकर खेळे! पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा अमेरिकेत शिकलेला चुलतभाऊ. आणि खेळे तोही साधासुधा नाही. लास वेगासला पोकरची जागतिक स्पर्धा भरते. तिथे 2018 साली एका प्रकारात तो पहिला आला आणि 1,05,629 डॉलर घेऊन घरी गेला. 2022 साली पुन्हा पहिला; 1,96,089 डॉलर. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडची रेकॉर्ड करून एक लाख, आणि पत्ते कुटून तीन! मित्राच्या नशिबावर एक टक्का घ्यायला ज्याची झोप उडत होती, तो परक्याच्या खिशातले शंभर टक्के घेऊन गाढ झोपत होता.

यात विसंगती आहे असं मला आधी वाटलं. पण पत्त्याच्या टेबलावर बसणारा प्रत्येकजण आपले पैसे आपल्या हाताने पुढे सारून, दुसऱ्याचे घेण्याच्या उघड इराद्यानेच बसलेला असतो. तिथे कुणी कुणाच्या कानात 'मी तुझा मित्र आहे, तुझं गाणं मोठं करतो' असं सांगत नाही. सौ.चं म्हणणं निराळं. ती म्हणते, घरी न विचारता चार लाख सोडणारा माणूस आज ना उद्या पत्ते खेळणारच.

7 मे 2024 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने अल्बिनी गेला. आपल्या स्टुडिओतच. वय 61. त्याच्या 'शेलॅक' ह्या बँडची नवी रेकॉर्ड दहा दिवसांनी यायची ठरली होती. ती ठरल्याप्रमाणे आली.

परवा चिरंजीव आणि त्याचे तीन मित्र आपलं एक गाणं रेकॉर्ड करायचं म्हणून एका स्टुडिओची चौकशी करून आले. तासाला आठशे रुपये. पैसे अर्थात माझ्याकडे मागितले. मी पेन काढलं, तास किती, टेक किती, मिश्रणाचे वेगळे का, सगळं कागदावर मांडून घेतलं. मग विचारलं, "तो रेकॉर्डिंगवाला नंतर टक्का वगैरे मागणार नाही ना?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काका, कशावर मागेल?" ड्रम वाजवणारा म्हणाला.